गाडी चालू करू नको

कौशल्याबाई माझ्याशी बोलत न्हाई, त्याला दोन वर्सं झाली. तिचा ल्योक अभिमन्यू अन् मी एकाच टोळीत ऊस तोडायचो. टोळीचा ट्रॅक्टर तोच हाणायचा. पुढं गुजरातेत तेलाच्या रिफायनरीत दुरुस्तीचं काम लागलं म्हणून आमची टोळी तिकडं गेलती. मी माघारी आलो, तो न्हाई. तवापासून अख्खं युसूफ वडगाव मला दोस्ताला टाकून पळालेला म्हणतं. म्हणू द्या, लोकांचं काय हाय! पण तिचं घर माझ्या भिंतीला भिंत लावून. तिच्या घरात ती एकटी, माझ्या घरात मी. भांडं पडलं तरी आवाज येतो, अन् बोलणं न्हाई. हेच लई खातं जिवाला.

तिथं पहिल्याच दिवशी साहेबानं सगळ्यांकडून घोकून घेतलं व्हतं. गॅस सुटला की वाऱ्याला आडवं पळायचं, अन् गाडी चालू करायची न्हाई, एका ठिणगीत सगळं पेटतं. एक दिवस खरंच गॅस सुटला. भोंगा वाजला तसे आमी पळालो. पण टोळीची रीत हाडात मुरलेली. माणूस मागं ठेवून टोळीची गाडी हलत न्हाई. अभिमन्यू आमच्या टोळीच्या टेम्पोकडं वळला, सगळ्यांना घेऊन जायला. त्यानं चावी फिरवली अन् जाळ उठला.

हे गावात सांगितलं, तर मेलेल्या माणसावर ढकलतो म्हणाले. मग मी तोंडच शिवून घेतलं.

परवा दिवेलागणीला तिच्या घरातून गॅसचा भपकारा आला. मी धावत दाराशी गेलो. म्हातारी अंधारात चाचपडत लाईटच्या बटणाकडं हात नेत व्हती.

"मावशे, बटण दाबू नको! भाईर ये!"

ती थबकली. मग भिंतीला धरून भाईर आली. मी आत जाऊन टाकी बंद केली, खिडक्या सताड उघडल्या. उंदरानं शेगडीची नळी कुरतडली व्हती. अंगणात आलो, तर ती पायरीवर बसलेली.

"त्यालाबी असाच वरडला व्हतास?"

"ह्याच्यापेक्षा मोठ्यानं."

"अन् त्यानं ऐकलं न्हाई?"

"ऐकलं, मावशे. पण त्याची माणसं मागं व्हती."

तिनं पदर तोंडाला लावला. मलाबी रडू आवरलं न्हाई. बऱ्याच वेळानं वास पार गेला, तसा मी उठलो. आता लाईट लावली तरी चालंल, म्हणलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "बस जरा."