विसरण्याचे सोंग

"कंदील, खोगीर, पेर, बादली..." व्हर्नाने दहा शब्द सावकाश वाचले आणि चष्म्यावरून समोर बसलेल्या नातवाकडे पाहिले. "आता म्हण."

"कंदील." वेस्लीने छताकडे बघत डोके खाजवले. "बादली. मग... पुढचं गेलं, आजी."

नेब्रास्कातल्या त्या छोट्या हायस्कूलच्या ऑफिसात व्हर्नाचा जन्म गेला होता. फुटबॉलचा मोसम सुरू होण्याआधी प्रत्येक खेळाडूची स्मरणशक्ती तपासून ठेवायची, म्हणजे पुढे डोक्याला मार बसला तर ताडून बघता येते, हे कामही तिच्याचकडे होते. तिथल्या छोट्या शाळा टकरांचा अमेरिकी फुटबॉल सहा-सहा जणांत खेळत, आणि या शाळेत पोरे होती सहाच. एक बसला की संघच बसला.

"सकाळी तोंडी सांगितलेला सगळा बाजार न चुकता आणलास. आणि इथं दोन शब्द?"

"हळू बोल ना, आजी. सगळेच करतात. आत्ता कमी आले की नंतर लागलं तरी फरक दिसत नाही. मग बाहेर बसवत नाहीत."

"कुणी शिकवलं हे?"

"शिकवायला कशाला लागतंय?"

घरी व्हर्नाचा नवरा एमिल नेमके उलटे सोंग करी. दुकानात कुणी हात केला की "काय म्हणतोस गड्या" म्हणून हसे, आणि गाडीत बसल्यावर विचारी, "हा कोण गं?" याच शाळेकडून तो खेळायचा तेव्हा ती बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायची. तो टक्कर खाऊन लोळला की कोच शुद्धीवर आणायला नाकाखाली अमोनिया धरी. एमिल झिंगत उठे, आणि बँड जोरात वाजे. तीही जोरात वाजवायची. त्या टकरांमुळेच असे झाले का, हे डॉक्टर आता ठामपणे सांगत नव्हते. व्हर्नाला कुणी सांगायची गरज नव्हती.

कोच ड्वेन दारातून डोकावला. "झालं का, बाई?"

"नाही. पुन्हा घेतेय."

"सहाच आहेत हो."

"तुझं नाव या शाळेत मीच घातलंय, ड्वेन. मला मोजता येतं."

तो कसनुसा हसला. "ट्रॅक्टर उलटूनही पोरं मरतात, बाई. म्हणून शेती सोडलीय का कुणी? शुक्रवारचा खेळ गेला तर या गावात संध्याकाळी एकमेकांचं तोंड तरी कोण बघेल?"

हे खोटे नव्हते. तिचे स्वतःचे लग्नही त्याच शुक्रवारांतून जमले होते.

"खेळू दे," ती म्हणाली. "पण खरं सांगून खेळू दे." आणि तिने दुसरे दहा शब्द काढले. वेस्लीने फुरंगटून सगळे म्हटले.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी वेस्लीला जोरात टक्कर बसली. तो उठला, हेल्मेट सारखे केले, आणि जाऊन समोरच्या संघाच्या घोळक्यात उभा राहिला. बाकांवर हशा पिकला.

व्हर्ना पायऱ्या उतरून मैदानाच्या कडेला गेली. ड्वेनने पोराला आणून बसवले. तिने दहा शब्द म्हटले. वेस्ली तीनच सांगू शकला. या वेळी तो ऑफिसातल्यासारखा वर बघत नव्हता. तिच्या ओठांकडे बघत होता, जणू उरलेले शब्द तिथेच असतील.

ड्वेनने टोपी काढली. "पाच पोरांना मी त्यांच्यासमोर उभं करणार नाही," असे म्हणून तो सामना सोडायला पंचांकडे गेला.

"जिंकत आलेला सामना, एका पोरापायी," मागे कुणीतरी पुटपुटले.

"गप बस, लॉइड," एक बाई म्हणाली. मग सगळे आपापली ब्लँकेटे घडी करू लागले.

गाडीत वेस्ली मधे बसला, एमिल खिडकीशी.

"कोण जिंकलं गं?" एमिलने विचारले.

"ते जिंकले."

थोडा रस्ता गेल्यावर वेस्ली म्हणाला, "आजी, कोण जिंकलं?"

एमिलने नातवाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि थोपटत म्हणाला, "आपण रे. आपणच."

फाट्यावर घर डावीकडे होते. व्हर्नाने गाडी उजवीकडे, हॉस्पिटलच्या रस्त्याला घातली.