सांडलं तिथे उभं राहायचं

“वाक्य कर, फेरेती,” ग्लेनिस म्हणाली. “नुसतं ‘स्पिल आहे’ नको. पूर्ण वाक्य.”

दर सोमवारी पाळी सुरू होण्याआधी कारखान्यात पेअर डब्यात भरणाऱ्या लाइनवरची माणसं पिवळ्या पट्ट्यापाशी जमायची आणि लाइनची मुकादम ग्लेनिस सुरक्षेतला एक इंग्रजी शब्द द्यायची. प्रत्येकाने त्याचं वाक्य करायचं. आजचा शब्द होता स्पिल, म्हणजे सांडलवंड.

फेरेतीने हातमोजे चढवायला घेतले.

“मी करतो,” त्याच्यासारखाच सामोआहून आलेला लाफाएले मध्येच म्हणाला. “माझ्या सासूबाईंनी तोंड उघडलं की स्पिल होतो.”

सगळे हसले. ग्लेनिससुद्धा.

“आणि मग तू काय करतोस?”

“नियमाप्रमाणे. पुसणारा येईपर्यंत जागेवर उभा राहतो.”

“बघा, याला नियम पाठ आहे,” ग्लेनिस म्हणाली. “ज्याला दिसलं, त्याने तिथून हलायचं नाही. आणि आत पाण्याशिवाय काही आणायचं नाही. पेनीला का घरी पाठवलं ते माहीत आहे ना सगळ्यांना?”

माहीत होतं. पेनीच्या डब्यात बिअर सापडली होती. त्याच आठवड्यात त्याला फिजीच्या विमानात बसवलं होतं.

पांगताना ग्लेनिस फेरेतीजवळ थांबली. “वडील गेल्याचं कळलं. सुट्टी घे म्हटलं होतं मी तुला.”

“खोलीवर बसून काय करू?” तो म्हणाला.

भावाने फोनवर स्पष्टच सांगितलं होतं. तू आलास तर तिकिटात सगळं जाईल. अंत्यविधीच्या चटया, डुकरं, पाहुण्यांचं जेवण कशातून करायचं? तू तिथेच राहा, उसो, भावा. तिथे राहूनच तू इथे आहेस. फेरेती बरं म्हणाला होता. त्यानंतर तीन-चार दिवस तो प्रत्येक गोष्टीला बरंच म्हणत होता.

पाकाच्या टाक्यांपाशी त्याचं काम होतं. साखरेचा पाक गरम असताना पाण्यासारखा पळतो. जमिनीवर पडला की आधी कडेने गार होतो, कड घट्ट होते आणि आतला पाक तिथेच अडतो. तीन हंगामांत फेरेतीने असे कितीतरी डाग पाहिले होते आणि प्रत्येकाजवळ तो निमूट उभा राहिला होता. इतरांना ते उभं राहणं जड जायचं. त्याला नाही.

सामोआत, गावातल्या बैठकीत, त्याचं काम आवा, म्हणजे मुळांच्या भुकटीचं पेय, पोचवण्याचं होतं. मोठ्या लाकडी भांड्यातून करवंटीत घेतलेला आवा हातात धरून प्रमुखांपर्यंत चालत न्यायचा. वाटेत थेंबही सांडू द्यायचा नाही. सगळी बैठक त्याच्या हाताकडे बघत असायची. प्रमुखांत बसलेल्या बापापुढे तो वाकायचा, बाप करवंटी घ्यायचा आणि पिण्याआधी मुद्दाम चार थेंब चटईवर सांडायचा. देवासाठी. मग म्हणायचा, “मानुइया.” कल्याण असो. भोवतीचे सगळे उत्तर द्यायचे, “सोइफुआ.” तुला आयुष्य लाभो. ते उत्तर आल्यावरच बाप प्यायचा.

चहाचा भोंगा झाला. डबे वाहून नेणारा पट्टा थांबला. माणसं हातमोजे काढत जेवणाच्या खोलीकडे निघाली.

“चल,” लाफाएले म्हणाला.

“तू हो पुढे.”

पुतण्याने निरोप पाठवला होता: तुमच्या चहाच्या वेळी आम्ही आजोबांना मातीत ठेवू. घरासमोरच, पायरीपासून थोडं पुढे. फोन लॉकरमध्ये होता. असता तरी त्याने लावला नसता.

त्याने पाण्याची बाटली काढली. आतलं पाणी गढूळ होतं. खोलीवर भुकटी कालवून, स्वच्छ फडक्यातून दोनदा गाळून आणलेला आवा. त्याने बाटलीचं झाकण भरलं. ते दोन्ही हातांत धरून तो टाकीपासून भिंतीपर्यंत चालला. काही सांडलं नाही. भिंतीपाशी थांबून त्याने झाकण तिरकं केलं. राखाडी थेंब फरशीवर पडले.

“मानुइया,” तो म्हणाला.

टाक्यांची घरघर चालू होती. कुणी उत्तर दिलं नाही. त्यामुळे त्याला पिता येईना. तो झाकण धरून उभा राहिला.

ग्लेनिस परत आली तेव्हाही तो तसाच उभा होता.

“फेरेती? काय आहे ते?”

“स्पिल,” तो म्हणाला. मग सकाळचं आठवल्यासारखं त्याने सावकाश पूर्ण केलं. “इथे स्पिल आहे. तो मी केला. मी इथून हलणार नाही.”

तिने बाटलीकडे पाहिलं, झाकणाकडे पाहिलं. “पाणी नाही ना ते?”

“नाही. आवा.”

खोटं बोलला असता तर चाललं असतं, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“अरे, मला हे वर कळवावं लागेल. पेनीचं काय झालं माहीत आहे तुला.”

“बरं.”

तिने भिंतीवरचा रेडिओ उचलला. “पाकाच्या टाक्यांजवळ स्पिल आहे. पुसायला पाठवा.”

लाफाएलेच मॉप घेऊन आला. “काय उसो, तू पण सांडायला लागलास?” म्हणत तो जवळ आला, आणि त्याला वास आला. त्याने थेंब पाहिले, फेरेतीच्या हातातलं झाकण पाहिलं, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. मग मॉप बाजूला टेकवून त्याने डोक्यावरची जाळी काढली.

“सोइफुआ,” तो हळूच म्हणाला.

फेरेतीने झाकण तोंडाला लावलं. आवा कडू होता. थोड्या वेळाने जीभ आणि ओठ बधिर झाले, नेहमीसारखे. बाकीचा तो सगळा आधीपासूनच तसा होता.

भोंगा झाला. माणसं परत आली आणि पट्ट्यापाशी थबकली. रेडिओवरून कुणीतरी विचारलं, “ग्लेनिस, पुसलं का? लाइन सुरू करू?”

ग्लेनिसने मॉपकडे पाहिलं. तो कोरडाच होता. टाकीच्या उष्णतेने थेंब कडेकडून वाळत चालले होते.

“नाही अजून,” ती म्हणाली. “माणूस उभा आहे तिथे.”