पोटावरचे डोळे

स्वयंपाकघरातल्या काट्यावर लाकडी विमान मावेना. विनिताने लेकीचं, ताराचं, दुधाचं भांडं काट्यावर उपडं घातलं, त्यावर विमान तोलून धरलं आणि भांड्याचं वजन मनात वजा केलं. आकडा बघून वाटलं, वजाबाकीच चुकली. पुन्हा केली. चौदाशे ग्रॅमच्या वर. माहेरी जायच्या आधी याच काट्यावर, याच भांड्यावर ते बाराशेच्या आत होतं.

मागे तिचे सासरे उभे होते. हात पाठीशी, मान किंचित पुढे, शाळेत निकालाला आलेल्या पोरासारखे.

"डोळे कशे आयले गो?" त्यांनी विचारलं.

सासऱ्यांना सगळं आमोणे गाव बाबली म्हणून ओळखायचं. घराला लागूनच त्यांची गणपतीची चित्रशाळा. गावातले निम्मे गणपती तिथूनच डोक्यावरून जायचे. माती मळायला, साचे भरायला, अंगाला रंग द्यायला माणसं असत, पण डोळे बाबलींचे. डोळे झाले की मूर्ती उठून बसते, असं लोक म्हणत. गेल्या चतुर्थीला मात्र हात थरथरला. नजरही धूसर झाली होती. शेवटचे गणपती अर्धे सोडून ते उठले आणि त्या मूर्तींचे डोळे गौरेशने रंगवले, म्हणजे विनिताच्या नवऱ्याने. नंतर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून बाबलींनी कुंचला धरला नव्हता.

आणि आता धरला होता. चोपड्याला आईचा हात मोडला म्हणून विनिता ताराला घेऊन तीन आठवडे माहेरी काय गेली, मागे चित्रशाळेच्या टेबलावर तिचं नवं विमान कोरंकरकरीत पडलेलं बघून म्हाताऱ्याला राहवलं नाही. त्यांनी ते गणपतीसारखंच केलं. आधी पांढऱ्याचे हात, मग घासणं, पुन्हा पांढरा, मग रंग. पाठीला खंड्याच्या पंखांचा निळा, कडांना हळदीसारखा पिवळा. आणि पोटाला, दोन पंखांच्या खाली, दोन डोळे.

"पोटाचां कोणाक दाखवूक नाय हां. गौरेशाकय नाय. म्हटलां, उडतलां तेन्ना बघ," ते म्हणाले. "खाली बघीत जाऊंदे. जमीन दिसली तर पडूचा नाय." हसले, आणि लगेच गंभीर झाले. "हातान साथ दिली गो. औंदा चतुर्थीक डोळे मीच घालूचे म्हणतंय. पण तू शिकलेली, तू खरां सांग. कशे आयले?"

विनिताने डोळे बघितले होते. खरं तर बघताक्षणी तिच्या अंगावर काटा आला होता. अर्धे मिटलेले, शांत, आणि कुठूनही बघा, आपल्याकडेच वळलेले. कुठे रेष हलली नव्हती. पण मनात दोनशेच्या वर ग्रॅम घोंगावत होते, आणि तिच्या तोंडून निघालं, "बाबा, पांढऱ्याचे हात किती दिले?"

"तीन," ते म्हणाले. "पोटाक चार."

"हं," ती म्हणाली.

ते मग परसातल्या केळींना पाणी घालायला गेले.

हे विमान रेडिओवर उडणारं नव्हे. विनिता कॉलेजात एनसीसीच्या हवाई शाखेत होती, तिथे शिकलेलं. पंखाच्या टोकापासून दोन बारीक पोलादी तारा निघतात, त्या आपल्या मुठीत. आपण मधे उभं राहून गरगर फिरायचं आणि विमान आपल्याभोवती, मळणीच्या मेढीभोवती बैल फिरावा तसं. मूठ वर कलली की विमान चढतं, खाली कलली की उतरतं. गिरक्या घेतं, उलटं होऊन पोट आभाळाकडे करून उडतं. सगळा खेळ तारा ताणलेल्या असण्याचा. हलकं विमान तार ओढून धरतं. जड विमान डोक्यावर आलं की दमतं, तारा सैल पडतात, आणि मग ते कुणाचंच नसतं.

आणि ते या वेळी पडून चालणार नव्हतं. कॉलेजला कॅडेटना हे विमान शिकवणारं कुणीतरी हवं होतं, आठवड्याला दोन दिवस. सर म्हणाले होते, मे महिन्यात पेडण्याच्या सड्यावर, त्या उघड्या माळावर, शिबिराचा शेवट आहे, तिथे येऊन उडवून दाखव. उलट्या फेऱ्यांसकट. मग बघू. लेक झाल्यापासून विनिताने स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

तिने पल्लवीला फोन लावला. दोघी कॉलेजात एकाच विमानाच्या तारा धरून शिकलेल्या.

"त्यात काय! मोठं इंजिन घाल. माझं पडूनच आहे, घेऊन जा."

"मोठं म्हणजे जड. नाक खाली जाणार. मग शेपटीत शिसं भरा. ते पिणार जास्त, म्हणजे टाकी मोठी. टाकी भरली की पुन्हा वजन. शेवटी इंजिन स्वतःलाच उचलत बसेल गं."

"मग रंग काढ."

"सासऱ्यांनी दिलाय."

"मग सांग त्यांना, बाबा, जड झालं. खातायत काय तुला?"

"सांगते," विनिता म्हणाली.

मोठं इंजिन नको म्हणायला दुसरंही एक कारण होतं, ते तिने पल्लवीला सांगितलं नाही. विनिताला कुठल्याही गोष्टीतलं सगळ्यात वाईट आधी दिसायचं. ताराच्या अंगणवाडीतल्या वजनापासून खिडकीच्या सैल कडीपर्यंत. एवढी ताकद, त्यात तार तुटली, आणि पलीकडे तारा उभी असली तर? नको. ताकद वाढवण्यापेक्षा वजन काढलेलं बरं.

पण सांगणं काही होईना. जेवताना सांगावं म्हटलं, तर त्या दिवशी ते स्वतःहून दोन घास जास्त जेवले. सकाळी सांगावं म्हटलं, तर ते दारात पाव घेऊन आलेल्या पदेराला सांगत होते, "पाव मागीर दी रे. आधी आयक. आमच्या सुनेच्या विमानाक मी डोळे घातलेत." पदेर म्हणाला, "आता चश्मोय घाल मरे." दोघे खो खो हसले. विनिता आतूनच माघारी फिरली.

मग तिने स्वतःशीच एक हिशेब मांडला. पाठ घरात सगळ्यांना दिसते. ती राहू दे. विमान फळीवर ठेवलं की पोट खालीच असतं. तिथेच एक हात जास्त आहे. तेवढं काढलं तरी भागेल. सड्यावर उलटं उडेल तेव्हा दिसेल, पण सड्यावर बाबा कशाला येतायत?

गौरेश वडिलांना डोळे तपासायला म्हापशाला घेऊन गेला आणि तारा दुपारची झोपली, त्या दिवशी तिने पातं घेतलं. वाटलं होतं, पोटाचं आवरण अख्खं सुटेल, मग गुंडाळून कपाटात ठेवता येईल. ते पट्ट्यापट्ट्यांनी निघालं. डावा डोळा बुबुळातच फाटला. उजव्याची पापणी आधी आली, मग खालचं पांढरं. विनिताचे हात सराईतासारखे चालत होते आणि याचंच तिला जास्त वाईट वाटत होतं. पट्ट्या तिने न्हाणीच्या चुलीत घातल्या. लाकडाच्या फासळ्यांवर पातळ पारदर्शक कागद इस्त्रीने ताणून बसवला. विमान काट्यावर ठेवलं. हवं तेवढं उतरलं होतं.

संध्याकाळी उंबरठ्यावरच बाबलींनी नाक फेंदारलं. "कितें जळ्ळां गो?"

"दूध उतू गेलं, बाबा."

"डाक्टर म्हणता, नजर आता पोराची जाली," ते खुशीत म्हणाले.

शिबिराच्या दिवशी ती त्यांना म्हणाली, "सड्यावर झाड नाही, ऊन असतं. तुम्ही नका येऊ. मी व्हिडिओ दाखवीन." ते बरं म्हणाले. विनिता सरांच्या गाडीतून पुढे गेली. पोलादी तारा जमिनीवर पसरून ती एकेक वीत तपासत होती, तेवढ्यात लांबून काळी छत्री येताना दिसली. छत्रीखाली इस्त्रीचा शर्ट. मागे ताराला कडेवर घेतलेला गौरेश.

"ऐकतायत कुठे!" गौरेश म्हणाला. "पहाटेपासून तयार होऊन कदेलीवर बसलेले."

बाबली दोरीच्या कडेला, लोकांत जाऊन उभे राहिले. शेजारच्या माणसाला सांगताना ऐकू आलं, "आता नाय. उलटां जातलां तेन्ना बघ. पोटार काम आसा."

विनिताच्या मनात आलं, पोट दुखतंय म्हणून सांगावं. इंजिन धरत नाही म्हणावं. सर हाताची घडी घालून उभे होते. कॅडेटने पंखा फिरवला, इंजिन सुरू झालं, आणि तिने मान हलवली.

विमान सुटलं ते हातात येऊनच. अशी तार तिने कॉलेजातही अनुभवली नव्हती. मुठीत एखाद्या जिवंत माशासारखी ओढ. चढताना इंजिनाचा आवाज बारीक होऊन ताणला जाई आणि सपाटीला आलं की पुन्हा भरदार होई. डोक्यावरून नेलं, तारा सैल झाल्या नाहीत. गिरकी घेतली, गोल आली. इतकं हलकं, इतकं शहाणं विमान. सरांनी पंजा उताणा केला. उलटं.

तिने ते उलटं केलं.

उलट्या विमानाचं पोट आभाळाकडे आणि मधल्या माणसाकडे कललेलं असतं. ते कडेच्या लोकांना दिसतं ते विमान त्यांच्यापासून पलीकडच्या टोकाला असताना, म्हणजे उडवणारी त्यांना पाठमोरी असताना. बाबलींना पोट दिसलं तेव्हा विनिताची त्यांच्याकडे पाठ होती. ती वळली तेव्हा तिला फक्त तोंड दिसलं. पहिल्या फेरीला त्यांचं बोट वर होतं, शेजाऱ्याला दाखवत. दुसऱ्या फेरीलाही बोट वरच होतं, पण ते कशाकडेच नव्हतं. तिसऱ्या फेरीला छत्री खाली आली होती आणि ते उन्हात उभे होते.

या विमानाला थांबवता येत नाही. टाकीतलं संपेपर्यंत ते फिरतं आणि ते फिरतंय तोवर नजर काढता येत नाही. तिने ते सुलटं केलं, पण आता काय उपयोग! विमानामागे छत्री, तारा, गौरेश, सर, रिकामा सडा, पुन्हा छत्री. लोक टाळ्या वाजवत होते. विनिताला वाटत होतं, टाकी एवढी कशाला भरली.

इंजिन थांबलं. विमान गवतावर अलगद टेकलं.

"सोमवारपासून या," सर म्हणाले.

मागून शेजाऱ्याचा आवाज आला, "खंय रे बाबली, डोळे खंय? की झोपले?"

"मीच पुसले," बाबली म्हणाले. "वजन जाता मरे. विमानाक वजन चलना."

घरी आल्यावर ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. ते सोप्यावर छत्रीची काडी सरळ करत होते.

"बाबा, मी काढले. तुम्हाला न विचारता. वजनासाठी काढले. पण डोळे चांगले होते. फार चांगले होते."

"व्हय गो बाय. वजन." ते हसले, आजाऱ्याला भेटायला आलेल्यांकडे आजारी माणूस हसतो तसे.

"खरंच सांगते."

"तुका त्याच दिसा विचारलेलां, कशे आयले. तू हातांचां विचारलंस. माका तेन्नाच समाजला." काडी सरळ झाली होती, तरी ते ती दाबत राहिले. "तोंडार वाईट सांगूचां नाय म्हणान काढलंस. बरां केलंस. गणपतीर असे जाल्यार केवडी लाज गेली असती."

"नाही हो बाबा! तसं नाही!"

"रडता कित्या? पोर बघता."

दाखवायला तिच्याजवळ काही नव्हतं. गौरेशच्या फोनमध्ये विमानाचा फोटो होता, पाठीचा. पोट घरात तिच्याशिवाय कुणी बघितलंच नव्हतं. ती गौरेशला म्हणाली, तू सांग ना त्यांना. तो म्हणाला, "काय सांगू? मी पाहिलेच नाहीत."

आता ती सोमवारी आणि गुरुवारी कॉलेजात जाते. विमान जड झालं की पोरं मोठं इंजिन मागतात. ती सांगायला लागते की आधी काय काढता येतं ते बघा, आणि तिथे तिचा आवाज अडखळतो. पोरांना वाटतं, मॅडम पुढचं आठवतायत.

चतुर्थी जवळ आली तशी चित्रशाळा मूर्तींनी भरली. डोळ्यांना गौरेश बसला. बाबली त्याच्या बाजूला विजेचा दिवा धरून उभे राहायचे, तो सांगेल तसा वरखाली करत. एका संध्याकाळी विनिता चहा घेऊन गेली, तर देवळाजवळच्या घराचा मोठा गणपती नुकता झाला होता. गौरेश पाठ मोडून उठला आणि बाहेर जाऊन पाणी पिऊ लागला.

विनिताने बघितलं. डावा डोळा उजव्यापेक्षा केसभर वर गेला होता. तिने बाबलींकडे बघितलं. दिवा त्यांनी नेमका त्याच डोळ्यावर धरला होता. हात स्थिर होता.

"कशे आयले गो?" त्यांनी विचारलं.

"छान आलेत, बाबा," विनिता म्हणाली. त्यांचं वाक्य पुरतं संपायच्या आतच म्हणाली.

त्यांनी मान हलवली, दिवा विझवला आणि गौरेशचा कुंचला धुवायला घेऊन गेले.