उसनी चित्रं

"नीलम्मा, चित्रं उसनी देऊ नका. जिनं ती काढली नाहीत, तिला ती जन्मभर काढावी लागतील."

शांताक्का असं म्हणाल्या तेव्हा नीलम्मा हसली होती. तान्ह्या लेकीला मांडीवर घेऊन ती उकळून गार केलेलं पाणी चमच्यानं पाजत होती. हसून म्हणाली, "अक्का, दोन घटका भिंतीवर टांगायची तर आहेत. पाहुणे उठले की घरी परत. लग्नकार्याला आपण परात नाही का देत शेजारी?"

"परात नेणारी बाई ती मीच घडवली असं सांगत नाही," शांताक्का म्हणाल्या. त्यांनी छत्री उचलली आणि त्या शाळेकडं निघून गेल्या. नीलम्मानं ते बोलणं तिथंच उंबऱ्यावर सोडून दिलं.

ही गोष्ट धाराशिवची, निजामाचं राज्य होतं आणि जगातली दुसरी मोठी लढाई अजून संपायची होती तेव्हाची. गावातल्या एका हायस्कुलात मुलींचे वर्ग नुकतेच सुरू झाले होते. त्या वर्गांना चित्रकला आणि गाणं हे दोन्ही विषय शांताक्काच शिकवत. त्या मूळच्या सोलापूरच्या. लढाईमुळं रंगाच्या वड्या मिळेनात, म्हणून सुट्टीत सोलापूरला गेल्या की पदराच्या गाठीत बांधून आणायच्या. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपाई विचारायचा, "ये क्या दवा है?" त्या म्हणायच्या, "हो, डोळ्यांची."

नीलम्मा ही आडत दुकानाचे मालक महालिंगप्पा यांची सून. हैदराबादेत कॉलेजात शिकलेली. मूल झाल्यापासून तिची नजर फार बारीक झाली होती. लेक जरा खोकली की ही उठून बसणार, पाळण्याची दोरी रोज चाचपून बघणार. सासू इरम्मा थट्टेनं म्हणायची, "आमची बी लेकरं जगलीच की ग. तू तर माशीलाबी पत्ता विचारून आत सोडतीस." पण ही सगळी नजर पाळण्याभोवतीच फिरायची. पाळण्यापलीकडचं तिला तितकंसं दिसत नव्हतं.

नीलम्माची नणंद चन्नम्मा हायस्कुलात शिकत होती. तिच्या बोटांत कला होती. तिनं काढलेली तीन चित्रं शांताक्कांनी काच लावून घ्यायला सांगितली होती. एक पेरूच्या फांदीवरची पोपटांची जोडी, एक फुटलेलं कापसाचं बोंड आणि एक सावलीसकट पितळी घागर. घागर तर अशी, की एकदा इरम्मानंच ती उतरवायला हात केला होता.

त्या काळी आपल्याकडं नवी रीत आली होती. हैदराबादेला शिकून आलेल्या मुलांना शिकलेली बायको हवी असायची. मग मुलगी बघायला आलेली मंडळी आधी भिंतीकडं बघत. भिंतीवर मुलीच्या हातचं काही नसेल तर मुलगी शाळेत जाते यावर विश्वास कसा ठेवायचा? म्हणून चन्नम्माची ती तीन चित्रं गल्लीत ज्या घरी पाहुणे येणार त्या घरी जायची. एकदा एकाच मंडळींनी तेच पोपट दोन घरी पाहिले. "हायस्कुलात सगळ्या पोरींना पोपटच शिकवतेत वाटतं," म्हणत त्यांनी पोह्यांची दुसरी बशी मागितली. गल्ली त्यावर महिनाभर हसली. नीलम्माही हसली.

मग एक दिवस शेजारची कोंडाबाई आली. घर मोठ्या शेतीचं, माणसं खाऊनपिऊन सुखी. तिची लेक कस्तुरा चन्नम्माच्याच वर्गात होती.

"वैनी, आमच्या कस्तुरीला बघाया वाशीचे पाहुणे येनार हैत. तुमच्या चन्नीची ती चितरं द्या की एक दिस."

"नेऊन टाक," इरम्मा आतून म्हणाली. "आमच्या भिंतीला आता उपास करायची सवच लागली."

नीलम्मा चित्रं उतरवता उतरवता म्हणाली, "पण कोंडाबाई, कस्तुराचा तर गळा चांगला आहे. शांताक्का केवढं कौतुक करतात."

कोंडाबाईनं आवाज खाली आणला. "गान्याचं नाव काडू नका, वैनी. आमचं मालक म्हनले, पोरगी काय बैठकीत बसवायची हाय का? गान्याच्या तासातनं नाव काडलं तिचं, चितराच्या तासाला बसीवलं. चितर कसं, भिंतीवर गप ऱ्हातं."

कस्तुरा दारात उभी होती. हे सगळं तिच्यासमोरच चाललं होतं, आणि तिला कुणी काही विचारलं नाही. शांताक्का उंबऱ्यावर येऊन जे सांगून गेल्या, ते त्याच दुपारी.

पाहुणे आले. सासू होणाऱ्या कडूबाईनं पोपट निरखून बघितले आणि म्हणाली, "हात लई गोड हाय पोरीचा." लग्न ठरलं, झालं, कस्तुरा जिल्ह्यातल्याच वाशीला गेली. चित्रं आपल्या खिळ्यांवर परत आली. सगळं जिथल्या तिथं झालं असं नीलम्माला वाटलं.

श्रावण लागला. लग्नानंतरची पहिली पंचमी म्हणजे लेक माहेरी येणारच. कस्तुराचा भाऊ हरिबा तिला आणायला वाशीला गेला आणि एकटाच परत आला.

"सासूबाई म्हनल्या, कामं लई हैत," तो म्हणाला. कोंडाबाईनं मान डोलावली. "आसतील. मोठं घर हाय."

पण नीलम्माच्या मनाला ते पटेना. "तू तिला भेटलास का?" तिनं हरिबाला विचारलं.

"भेटलो की. बोलली न्हाय फारशी. हाताला चिंधी गुंडाळली हुती. सैपाकात भाजलं म्हनं."

नीलम्मानं मांडीवरच्या लेकीचे हात पाहिले. अंगणात सापडलेला खडासुद्धा तोंडाकडं नेणारी ती बोटं. चार दिवस नीलम्माला अन्न गोड लागलं नाही. शेवटी वाशीला राहणाऱ्या मावससासूला भेटायचं निमित्त काढून तिनं घरची परवानगी मिळवली. हरिबा पंचमीची राहिलेली चोळी-बांगडी द्यायला पुन्हा निघालाच होता. लेकीला घेऊन ती त्याच्यासोबत मोटारीनं तेरखेड्यापर्यंत आणि तिथून बैलगाडीनं वाशीला पोचली.

कडूबाईचा वाडा नव्यानं सारवलेला होता. ओसरीच्या भिंतीवर चुन्याचा एक मोठा चौकोन कोरा पडला होता. पंचमीचा नाग काढायला केलेला चौकोन, पण नाग नव्हता.

"या बाई, बसा," कडूबाई म्हणाली. लाडक्या पाहुणीला बोलावं तसं बोलली, पण बोलण्याला काटा होता. "बगा की आमच्या सूनबाईचा हात. सनाच्या आदल्या दिशी नेमका तव्याला लागला. साऱ्या गल्लीला सांगून बसले हुते म्या, की औंदा आमचा नाग बगाया या, हायस्कुलातली सून हाय. बाया आल्या, भिंत बगून गेल्या. म्या म्हनलं, नाग काड आन मग जा म्हायेरी. आता पोळ्याला बैल काडायचे तर काय भाजतंय कुनास ठावं."

नीलम्मा कस्तुराला घेऊन परसात गेली. कस्तुरा वाळली होती. नीलम्मानं काही न विचारता तिचा उजवा हात हातात घेतला आणि चिंधी सोडली.

स्वयंपाक करताना बसलेला चटका आडवा-तिरका असतो. आपल्याला कळायच्या आत हात मागं आलेला असतो. इथं चारी बोटांची टोकं एकसारखी भाजली होती. हा हात मागं आला नव्हता. तव्यावर ठेवला होता.

"कस्तुरे, हे तू स्वतः केलंस?"

कस्तुरानं विहिरीच्या कठड्याकडं तोंड वळवलं. मग म्हणाली, "चन्नीला सांगू नका. तिचे पोपट लई चांगले हुते."

"आणि हात बरा झाल्यावर?"

"पोळ्याला बैल काड म्हनतेत." ती अगदी सरळ आवाजात बोलत होती, जणू धुण्याची गोष्ट सांगत होती. "मग तवा हायेच की."

पाळण्याची दोरी रोज चाचपणारी नीलम्मा! आणि हिच्या गळ्याला तिनं स्वतःच्या हातानं, हसत हसत, केवढा मोठा दोर बांधला होता!

"मी तुझ्या सासूबाईंना खरं सांगते."

कस्तुरानं तिचा पदर घट्ट धरला. "नगा वैनी. घालवून देतील मला. मग आईबी ठिवून घ्यायची न्हाय."

ही भीती खोटी नव्हती. खरं सांगावं तर पोरीचं घर मोडायचं, न सांगावं तर पुढच्या सणाला काय होईल ते समोरच दिसत होतं. नीलम्मानं ठरवलं, आधी पोरीचा हात वाचवायचा. मग लेकीला हरिबाकडं दिलं आणि कस्तुराचा हात न सोडता ओसरीवर आली.

"कडूबाई, ती चित्रं हिची नव्हती. माझ्या नणंदेची होती. मी दिली होती उसनी."

कडूबाई धान्य निवडत होती. तिचा हात सुपातच थांबला.

"फसिवलं म्हना की तुमी."

"फसवलं. त्यात मी शिकलेली, म्हणून माझा दोष मोठा. तुम्हाला जे बोलायचं ते मला बोला. पण आधी हे बघा."

तिनं कस्तुराचा हात पुढं केला. कडूबाईचा चेहरा रागानं ताठ झाला होता. तिनं ती बोटं पाहिली. मग सूप बाजूला सारलं, हात ओढून घेतला आणि एकेक बोट उजेडाकडं वळवून बघितलं. चुलीपाशी जन्म गेलेल्या बाईला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

"खुळे," ती फार हळू म्हणाली. "एका नागापायी?"

कडूबाई उठून चुलीकडं गेली आणि विझलेला कोळसा घेऊन आली. त्या कोऱ्या चौकोनात तिनं एक वाकडीतिकडी रेघ ओढली, वर फणा म्हणून एक गोळा काढला, दोन टिंबं दिली. "झाला नाग. माझ्या सासूनं असाच काडला, म्याबी जलमभर असाच काडला, आन देवानं कदी न्हाय म्हनलं न्हाय. म्या पोरगी बगाया आले हुते का भिंत बगाया?" ती खाली बसली. "तुला काय येतं, ते सांग आता."

"गानं," कस्तुरा पुटपुटली.

"मग बोलली का न्हाईस?"

"आई म्हनली, सासरी गान्याचं नाव काडू नको. लोकं भलतंच समजतेत."

"आन झोक्यावर आमी काय मुक्यानं झुलतो व्हय ग?"

कस्तुराला हसू आलं आणि त्या हसण्यातच ती रडायला लागली. त्या दिवशी ती गायली नाही. तिच्यानं गाववलंच नसतं, आणि कडूबाईनंही म्हण म्हटलं नाही. तिनं बोटांना तूप लावलं आणि म्हणाली, "हरिबा, गाडी जुंप. पोरीला म्हायेरी ने. बोटं बरी झाल्याबिगर आनू नको. आन तुझ्या आईला सांग, म्या भांडाया येनार हाय. पन पोरीसंगं न्हाय, तिच्यासंगं."

धाराशिवला आल्यावर नीलम्मा सरळ शाळेत गेली. मधल्या सुट्टीत शांताक्का फळा पुसत होत्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या नाहीत, की मी सांगितलं होतं. हात झटकून बाकावर बसल्या.

"नीलम्मा, हेडमास्तर मला विचारतात, या दोन तासांचा उपयोग काय? मी सांगते, घागर काढायची तर आधी घागरीकडं नीट बघावं लागतं. उजेड कुठून येतोय, सावली कुठं पडलीय. आणि चौघींनी मिळून गायचं तर शेजारणीचा सूर ऐकावा लागतो. बघायला आणि ऐकायला शिकायचं, एवढ्यासाठी हे तास. कुणाला पोपट जमतील, कुणाला गाणं, कुणाला दोन्ही नाही, आणि त्यानं कुणीही कमी होत नाही. पण आपण त्याचं बाशिंग केलं. लग्नापुरतं बांधायचं आणि मग सोडून ठेवायचं. कस्तुराचा गळा आपण बंद केला आणि चन्नम्माचा हात तिला लावला. तो तिचा नव्हता, म्हणून तिनं जाळला."

घरी आल्यावर नीलम्मानं सासूला सांगितलं, की ही चित्रं आता कुणालाही द्यायची नाहीत. गल्लीत चर्चा झाली. "कालिजात शिकून एवढंच शिकली, शेजाऱ्याला न्हाय म्हनायला," असं दोघी-तिघी ऐकू जाईल असं बोलल्या. इरम्माच तिच्या बाजूनं उभी राहिली. पुढं चन्नम्माला बघायला पाहुणे आले, तेव्हा इरम्मानं बैठकीतच सांगून टाकलं, "पोरगी चितर काढती. भाकरी जाड करती. गानं तर तिला म्हनू देऊ नका, म्हस दूध आटवल." पाहुणे हसले. चन्नम्मा तर पोट धरून हसली. लग्न झालं तरी चित्र काढणं सोडणार नाही, असं तिनं बोलणीतच सांगितलं.

कोंडाबाईला उमजायला वेळ लागला. लेकीच्या बोटांना रोज तूप लावताना मात्र एके दिवशी तीच म्हणाली, "कस्तुरे, कायतरी म्हन की ग. दारं लावून न्हाय, उघडीच ऱ्हाऊ दे." बोटं बरी झाली, तरी एका बोटाचं टोक बधिर राहिलं ते राहिलंच. वाशीला परतल्यावर कस्तुरा दळताना गाऊ लागली. शेजारणी आपलं दळण घेऊन कडूबाईच्या जात्यावर येतात, असं हरिबा सांगत आला.

शाळेत शिकवलेलं गाणं आणि चित्र हा मुलीला दाखवण्यासाठी घातलेला दागिना नव्हे. तो तिचा स्वतःचा डोळा आहे, स्वतःचा कान आहे. तो उसना देता येत नाही, आणि जिला तो आहे तिच्याकडून काढूनही घेता येत नाही. मुलीला जे येतं ते सांगा, जे येत नाही तेही सांगा, आणि सांगण्याआधी तिलाच एकदा विचारा.

आणि एक काम आजच करा. तुमच्या घरातून, तुमच्या गल्लीतून लग्न होऊन गेलेली अशी एखादी पोरगी असेल, जिच्याबद्दल पाहुण्यांसमोर आपण थोडं वाढवून बोललो होतो. ती यंदा सणाला आली नसेल, तर कामात असेल म्हणून सोडून देऊ नका. निरोप धाडू नका, स्वतः जा. तिच्याजवळ बसा, आणि बोलता बोलता तिचे हात एकदा आपल्या हातात घेऊन बघा.