ज्यूनीच्या पलंगामागची भिंत

मी एक कॅमेरा बोलतोय. पण लगेच केस विंचरायला धावू नका. माझ्यात तुमचा चेहरा उमटत नाही, तुमची ऊब उमटते. गरम ते पिवळं-पांढरं, गार ते निळं. तुम्ही खुर्चीवरून उठून गेलात तरी तुमची बैठक मला काही वेळ दिसत राहते. असा डोळा घेऊन जन्माला आल्यावर स्वभाव संशयी झाला, तर त्यात माझा काय दोष?

माझा पहिला संशय, मला आणणाऱ्यांवरच. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या आमच्या गावाला वीज पुरवते ती सभासदांची सहकारी संस्था. दर वर्षी ती शाळेतल्या शिक्षकांना विज्ञानाच्या साधनांसाठी लहानसं अनुदान देते. सातवीला शिकवणाऱ्या हौगेनबाईंनी अर्ज केला आणि मी आलो. आता तुम्हीच सांगा, जी संस्था वीज विकते, तिनं घरातली ऊब कुठून गळते हे दाखवणारं यंत्र फुकट का वाटावं? इथं कुठंतरी पाणी मुरतंय, असं मी खोक्यातच ठरवून टाकलं.

त्यात तो समारंभ. दाराएवढा पुठ्ठ्याचा चेक आणला होता, जो कुठल्याच बँकेत चालत नाही. एक टोक संस्थेच्या साहेबांच्या हातात, दुसरं बाईंच्या, मध्ये दात काढून उभी मुलं आणि मी कुणाच्या तरी हातात उलटा. माझ्या पाठीवर संस्थेच्या नावाची चिकटपट्टी लावली. फोटो झाला, केक संपला, साहेब गेले. मुख्याध्यापक टॉल्फसन पुढं आले.

"बाई, नाजूक वस्तू आहे. कपाटात ठेवा आणि किल्ली माझ्याकडे द्या."

"कपाटात ठेवून मुलं काय शिकणार सर? कपाटाचं तापमान?"

बाईंचा बेत निराळा होता. दर शनिवार-रविवारी एका मुलानं मला घरी न्यायचं, ऊब कुठून निसटते ते शोधायचं आणि सोमवारी वर्गात चित्रं दाखवायची. अशी मी बरीच घरं पाहिली. खिडक्यांच्या फटी पाहिल्या, रजईत लपवलेला कुत्रा पाहिला. एका वडिलांनी तर मुलाच्या हातून मला काढून घेतलं आणि शेजाऱ्याच्या गॅरेजकडे रोखलं. आत काय चाललंय ते बघायचं होतं त्यांना. मला भिंतीपलीकडचं काहीच दिसत नाही. दिसतो तो भिंतीचा पृष्ठभाग, त्याची ऊब किंवा गारठा. पण मी भिंतीआडचं बघतो अशी गावात आवई उठायची ती उठलीच, आणि मी रस्त्यानं निघालो की पडदे ओढले जाऊ लागले.

जानेवारीत ज्यूनीचा नंबर लागला. ती गावाच्या टोकाला एका ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवर आणून ठेवलेल्या हलक्या घरात, आजोबांबरोबर राहायची. आई कुठं होती ते कुणी विचारत नसे. दोनदा तिनं "पुढच्या वेळी नेते" म्हणून आपला नंबर टाळला. तिसऱ्यांदा बाईंनी मला तिच्या दप्तरात ठेवलंच.

आजोबांनी, म्हणजे डेल्बर्टनं, मला उलटं केलं आणि पाठीवरची पट्टी वाचली.

"हे वीजवाल्यांचं आहे."

"शाळेचं आहे, आजोबा."

"नाव कुणाचं लिहिलंय? मला वाचता येतं, पोरी. आपण किती हीटर लावतो ते बघायला धाडलंय. ते काउंटीच्या सरकारी कचेरीला सांगणार. मग मुलांचे हाल तपासणारी काउंटीची बाई येणार, गोड बोलणार, घरभर फिरणार, आणि जाताना तुला घेऊन जाणार."

"कॅमेरा काही सांगत नाही."

"आज नाही सांगत." त्यानं मला फडक्यात गुंडाळून फ्रिजवर ठेवलं.

खरं सांगतो, मला राग आला नाही. उलट बरं वाटलं. इतक्या घरांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या डोक्यानं विचार करणारा भेटला होता.

शनिवारी दुपारी तो पायऱ्यांवरचा बर्फ उपसायला बाहेर गेला. ज्यूनी खुर्चीवर चढली आणि तिनं मला खाली काढलं. खिडक्या निळ्या, दार निळं, जमीन तर काळीनिळी. मग तिनं मला आपल्या पलंगामागं वळवलं. तिथल्या प्लगमध्ये तिच्या हीटरची वायर खोचली होती. प्लगच्या भोवती तळहाताएवढा पांढराफटक डाग होता आणि तो पातळ फळीवरून वर चढत होता. तिला वाटलं, माझ्या काचेवर काही लागलंय. तिनं मला स्वेटरला पुसलं. डाग तिथंच. तिनं भिंतीला बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं.

चित्र माझ्यात उतरलं होतं. ते पुसायचं बटण तिच्या अंगठ्याखाली होतं. ती तशीच उभी राहिली. दाखवलं तर काउंटीची बाई, पुसलं तर ही भिंत. बारा वर्षांच्या पोरीला कुणी असल्या पेचात टाकू नये.

दार उघडलं. डेल्बर्टच्या बुटांना बर्फ चिकटला होता.

"ठेव ते खाली."

"मला ओरडा, आजोबा. पण आधी हे बघा."

त्यानं पडद्याकडे पाहिलं. मग हातमोजा काढून तळवा भिंतीला लावला. मग तो तिच्या पलंगावर बसला.

"तू इथं डोकं ठेवतेस," एवढंच म्हणाला. मेन स्विच पाडून त्यानं प्लग उपटला, तर त्याची एक बाजू वितळून मेणासारखी ओघळलेली. मग त्या बाजूच्या खोल्यांची वीज त्यानं बंदच ठेवली, आणि सोमवारपर्यंत दोघं स्वयंपाकघरात कोट घालून झोपली.

सोमवारी तो शाळेत आला. मला कोटाच्या आत धरलं होतं. मुलं अजून यायची होती. ज्यूनीला त्यानं बाहेर थांबवलं. हौगेनबाईंसमोर त्यानं मला ठेवलं आणि चित्र लावलं.

"पोरगी तुम्हाला सांगणार नाही. माझ्यासाठी खोटं बोलेल, म्हणून मी आलो." तो म्हणाला. "हीटर मीच लावला, वायर जुनी आहे हे मला ठाऊक होतं. तिला न्यायचं तर न्या. पण ती जळता कामा नये."

बाईंनी फोन उचलला. मूल धोक्यात असेल तर शिक्षकानं कळवायचंच असतं, हे मी शाळेत राहून ऐकलेलं. झालं, म्हटलं मी, हा फोन काउंटीलाच, अखेर आम्हा दोघांचा संशय खरा ठरला. डेल्बर्टनं टोपी दोन्ही हातांत घट्ट आवळली.

"एव्हरेट, आजची कामं पुढं ढकल आणि नवी वायर घेऊन ये. हो, आजच." फोन ठेवून त्या म्हणाल्या, "माझा भाऊ, वायरमन आहे. हे बघा डेल्बर्ट, कळवण्यासारखं काही दिसलं तर मला कळवावंच लागेल, ते मी तुमच्यापासून लपवत नाही. पण मला एक जळकी वायर दिसतेय, आणि ती सांगायला स्वतः आलेला आजोबा."

"आणि ते वीजवाले?"

"तुम्हीही सभासदच आहात की. दर वर्षी संस्थेच्या सभेला फुकटचं हॅमचं जेवण खायला जाता ना?"

"खायला जातो. त्यांच्यावर भरवसा ठेवायला नाही."

भिंत दुरुस्त झाली. ज्यूनी अजून आजोबांकडेच आहे. पण बाईंनी फोन उचलला की मी आजही कान टवकारतो, ती खोड जायची नाही. चिकटपट्टीचा एक कोपरा सुटलाय, काचेला चरा गेलाय, आणि संस्थेनं मला का दिलं ते मला अजून कळलेलं नाही.

तुमच्याही शाळेत अनुदानातून माझ्यासारखं काही येईल. ते कुलपात घालू नका, मुलांबरोबर घरी जाऊ द्या. मोडेल कदाचित. घरांनी झाकून ठेवलेलं काहीबाही बाहेर येईल, तेही येऊ द्या. फक्त ते घेऊन एखादा म्हातारा तुमच्या दारात उभा राहिला, तर पहिला फोन कुणाला लावायचा, ते आधीच ठरवून ठेवा.