न फाडलेलं कार्ड

काळूरामांच्या पत्रांना हात लावायचा तर आधी साबणानं हात धुवायचे, हा नियम मी केला होता आणि आमच्या ग्रंथालयाच्या अध्यक्षांनाही त्यातून सूट नव्हती. त्या दुपारी भूपेशनं ग्रीसचे हात माझ्या टेबलावर आपटले, तेव्हा माझं डोकं आधी त्या हातांवरूनच फिरलं.

"ज्ञानदा मॅडम, ते कार्ड बाहेर काढा. आत्ताच्या आत्ता."

त्याच्या मागे त्याची आई, जिजाआजी, दाराजवळच्या बाकावर टेकली होती. रिक्षातून उतरून चार पायऱ्या चढल्याचीही तिला धाप लागली होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती, टेबलावरच्या पत्र्याच्या पेटीकडे पाहत होती.

भूपेश हा काळूरामांचा मुलगा. काळूराम खाडीकाठचे शेतकरी. भात घरात आलं की नाटक कंपनी घेऊन बाहेर पडायचे, ते पेरणी तोंडावर आल्यावरच परतायचे. भाऊ, चुलते, मेहुणे, घरचे सगळे पुरुष कंपनीत आणि बायका मागे. त्यामुळे पत्रं. मुक्काम कुठे, घसा कोणाचा बसला, पडदा उंदरांनी कुठे कुरतडला, म्हैस व्यायली का. काळूराम गेल्यावर ती पत्रं त्यांच्या रंगाच्या पेटीतच पडून राहिली. जुनं घर पाडून तिथे बिल्डिंगचं काम निघालं, तेव्हा भूपेशनं पेटी आमच्याकडे आणून दिली. वालीवला त्याचं वर्कशॉप, कागदांचं त्याला कौतुक नव्हतं. पण पत्रं रद्दीत घातली नाहीत म्हणून मी त्याला मनातल्या मनात दुवा देत होते.

आदल्या दिवशी तो देणगीपत्रावर सही करायला आला होता. सही झाल्यावर त्यानं सहज एक गठ्ठा चाळला, एक पोस्टकार्ड वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. कार्ड गठ्ठ्यात परत ठेवून तो निघून गेला. ते कार्ड मृत्यूचं होतं. अशुभाचं पत्र वाचलं की फाडायचं, घरात ठेवायचं नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पन्नासएक वर्षांपूर्वीचं ते कार्ड कोणी फाडलंच नव्हतं.

"दिपिका हॉस्पिटलमध्ये आहे," भूपेश म्हणाला. "प्रेशर खाली येत नाही. डॉक्टर म्हणतात, आत्ताच काही सांगता येणार नाही. आधी दोनदा पोटातच गेलं तिचं. का ते काल कळलं मला. हे कार्ड एवढी वर्षं आमच्या घरात होतं."

दिपिका त्याची एकुलती मुलगी, बाळंतपणाला माहेरी आलेली. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण कोणी अंगावर आलं की माझी जीभ माझं ऐकत नाही.

"भूपेशभाऊ, कागदानं कोणाचं प्रेशर वाढत नाही."

"तुमचं कोण आहे का तिथे?"

मी पेटीची किल्ली मुठीत घट्ट धरली. "काल तुम्ही सही केलीत. आता ही पत्रं ग्रंथालयाची आहेत. एकही कार्ड मी फाडू देणार नाही." बोलून गेले आणि मलाच माझी लाज वाटली, पण मूठ काही सैल होईना.

"मग पेटीच नेतो! खाडीवर नेऊन जाळतो सगळं!"

त्यानं एका बाजूची कडी धरली, मी दुसऱ्या बाजूची. वर्तमानपत्र वाचणारे दोन म्हातारे चष्म्यावरून आमच्याकडे बघायला लागले. पेटी टेबलाच्या कडेपर्यंत घसरली. अजून एक हिसका बसला असता, तर ती माझ्या पायावरच आली असती.

"भूपेश, सोड," आजी म्हणाली. "आदी मला वाचून दाखव म्हनावं तिला. त्यात काय लिवलंय ते मी कदी आयकलंच नाय."

भूपेशनं कडी सोडली. मी कुलूप काढलं आणि कार्ड घेऊन आजीशेजारी बाकावर बसले.

"चि. काळूराम यास आशीर्वाद. लिहिण्यास कारण की, आपली कमळी तापाने गेली. मागचे सर्व उरकले. जिजा बरी आहे. पत्र वाचताच फाडून टाकणे."

"बरी आहे," आजी म्हणाली. "सासऱ्यानी मास्तरकडनं लिवून घेतलं. मी आत पडलेली, अन्नपानी सोडून. म्हने बरी आहे."

"कमळी म्हणजे आपली आत्या ना?" भूपेशनं विचारलं. आजीनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

"हे ह्याच्या बापानं फाडलं असंल, असंच मी धरून चालले," ती मला म्हणाली. "गावात सगळे बोलायचे, पोर गेली तरी हा तिकडं लोकांना हसवत होता. मी त्या मानसाशी वरीसभर धड बोलले नाय. त्यानं पन कदी विषय काढला नाय."

मी कार्ड तिच्यासमोर धरलं. "आजी, हा पांढरा अंगठा बघा. तोंडाला लावायचा सफेदा आहे हा. दुसऱ्या कुठल्याच पत्रावर नाही. रंग लावून झाल्यावर हे त्यांच्या हातात पडलं असणार. आणि पोस्टकार्डाची कोणी घडी घालत नाही, यांनी घातलीय. इतक्या वेळा उघडलीय की घडीतून उजेड दिसतोय."

आजीनं कार्ड हातात घेतलं. त्या पांढऱ्या डागावर तिनं स्वतःचा अंगठा ठेवला आणि कितीतरी वेळ उचललाच नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते लपवलंही नाही.

तेवढ्यात फोन वाजला. भूपेश घरी कार्डाचं सांगून आमचा नंबर ठेवून आला होता. तो फोनकडे बघत नुसता उभा राहिला, तेव्हा मीच उचलला. पलीकडे त्याची बायको होती.

"दिपिकाला आत घेतायत. सारखी तेच विचारतेय. मॅडम, फाडलं का कार्ड? तिला काय सांगू?"

मी रिसीव्हरवर हात ठेवून तिचं बोलणं दोघांना सांगितलं.

"आये, फाड," भूपेश म्हणाला. "तुझ्या पाया पडतो. फाड."

आजी उठली. भिंतीला धरत टेबलापर्यंत आली. कार्ड तिच्या डाव्या हातात होतं. उजव्या हातानं तिनं माझ्याकडून रिसीव्हर घेतला. मी त्या डाव्या हाताकडे बघत होते.

"हा, मी बोलते. फाडलं. माज्या हातानं फाडलं. दिपिकाला सांग, आता काय नाय होत. जा, सांग लवकर."

तिनं फोन ठेवला. कार्ड तिच्या हातात जसंच्या तसं होतं.

"आये!" भूपेश ओरडला. "खोटं बोललीस? पोरीच्या जिवाशी खेळतेस?"

"तिला धीर पायजे होता, तो दिला." आजी त्याच्याकडे वळली. "आत्या नाय ती. तुजी बहीन हाय, तुज्या आदीची. फोटू नाय तिचा. झबलं पन ठेवलं नाय सासूनं. घरात नाव काढू दिलं नाय मला. सगळ्या जगात तिचं नाव ह्या एका कागदावर हाय. एकदा घालवली तिला घरातनं. आता परत मी घालवू?"

दिपिका आणि तिचं बाळ दोघं सुखरूप आहेत, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. पण त्या दुपारी ते आम्हा तिघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. आजीलाही नव्हतं. तिकडे नात आत गेली होती आणि इकडे ही म्हातारी ते कार्ड छातीशी धरून उभी होती. काही वाईट झालं असतं, तर उरलेलं आयुष्य भूपेशनं तिलाच बोल लावला असता आणि तिनं तो निमूट ऐकला असता.

आता भूपेश कार्ड हिसकावणार, असं वाटून मी पुढे झाले. तो हलला नाही. त्यानं फक्त विचारलं, "केवढी होती?"

आजीनं मोकळा हात खाली नेला आणि जमिनीपासून हातभर वर धरला. मग जरा विचार करून थोडा आणखी वर घेतला.

"एवडी," ती म्हणाली. "पन पळायची."