मधला पंचम

धनश्री पालवे पाथर्डीत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायची, आणि मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे. गहिनीनाथ मास्तरांच्या बंदिशींचं पुस्तक काढायचं ठरलं, तेव्हा जुन्या कॅसेटी ऐकून स्वरलिपी उतरवायचं काम आपसूक तिच्याकडे आलं. बंदिशी एकेचाळीस. प्रत्येकीपुढे तिने कोणता स्वर किती वेळा येतो याचा तक्ता मांडला. तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं, पण वहीचा समास मोकळा होता.

मास्तरांना जाऊन तीन वर्षं होत आली होती. पुस्तक पुण्यतिथीला निघायचं होतं. संपादक होते कल्याण सर, मास्तरांचे सगळ्यांत जुने शिष्य आणि निवृत्त हेडमास्तर. मास्तरांच्या घरच्या पुढच्या खोलीतला क्लास आता तेच चालवायचे. दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला गेलं की क्लासात पाच-सहा पोरं उरायची, तरी सर वेळेवर येऊन तंबोरा जुळवायचे.

तक्ता पुरा झाला तेव्हा धनश्री त्याच्याकडे बघतच राहिली. सत्तावीस बंदिशींत काही वेगळं नव्हतं. पण चौदा बंदिशींत मधल्या सप्तकातला पंचम एकदाही आला नव्हता. सा नंतर गाण्याचा दुसरा आधार पंचमाचा. या चौदांत बिहागाच्या तीन होत्या, आणि पंचमाशिवाय बिहाग म्हणजे मिठाशिवाय कालवण.

"अगं, ते मला ठाऊक आहे," कल्याण सर म्हणाले. "त्यावर मी अख्खं प्रकरण लिहिलंय. 'पंचमत्याग' नावाचं. मास्तरांच्या घरात नाथपंथ होता. त्याग रक्तातच."

"पण सर, खालच्या सप्तकातला पंचम आहे की. वरचाही आहे. त्याग फक्त मधल्याचाच?"

"तू फिजिक्सवाली. तुला अध्यात्म नाही कळायचं."

 हातात पुरावा नसताना वाद घालायचा धनश्रीचा स्वभाव नव्हता. घरी येऊन तिने आणखी दोन गोष्टी टिपून ठेवल्या. एक, त्या चौदांत भूप नव्हता. भूप तर पोरांना पहिल्यांदा शिकवतात. त्यात स्वरच पाच, पंचम काढला तर चार उरतात. आणि दुसरी, शब्दांची. सत्तावीस बंदिशींत बन, बासरी आणि सावन होता. चौदांत घागरीत पडलेली धूळ होती, ओल्या लाकडाचा धूर होता, अंगणात वाळत घातलेलं धान्य होतं.

रविवारी ती जयाकाकूंकडे गेली. जयाकाकू म्हणजे मास्तरांच्या पत्नी. माहेर खर्ड्याचं, वय सत्तरीला आलेलं. स्वयंपाकघरात बसून त्या बाजरी निवडत होत्या.

"काकू, एक शब्द विचारायचा होता. कॅसेटवर नीट कळत नाही. 'अंगना' की 'अंगनी'?"

"अंगना," काकू मान वर न करता म्हणाल्या. "अंगनी म्हनलं तर सूर टिकायला जागा ऱ्हात न्हाई."

धनश्री लिहून घ्यायला पिशवीकडे वळली. मग तिच्या लक्षात आलं की वही अजून तिच्या पिशवीतच होती, आणि कोणती बंदिश ते तिने सांगितलंच नव्हतं.

डब्यांच्या फळीखाली जुन्या साडीत गुंडाळलेली एक पेटी होती.

"ही कुणाची?"

"असंच. क्लासला नवी आणली, तवा ही आत आली. वाजव की."

धनश्रीने पेटी पुढे ओढली, भाता उघडला आणि डावीकडून एकेक पट्टी दाबत गेली. मधल्या सप्तकातल्या पांढऱ्या चारवर, म्हणजे चौथ्या पांढऱ्या पट्टीवर, बोट पडलं आणि नुसता वारा आला. फस्स. खालच्या सप्तकातली पांढरी चार वाजत होती. वरचीही वाजत होती.

तिचं बोट तिथेच राहिलं. मास्तर काळी एकमध्ये गायचे. त्यांच्या सा पासून मोजलं तर ही पट्टी गंधाराची, आणि त्या चौदांत गंधार तर पावलोपावली होता. या पेटीवर मास्तरांनी ते बांधलं असणं शक्य नव्हतं. बायका साधारण वरच्या पट्टीत गातात. तिने खालच्या सप्तकातली काळी पाच सा धरून काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजून पाहिल्या. सहा पट्ट्या पुढे, सातवी ही, म्हणजे पंचम.

"काकू, तुमचा सा कुठला?"

"काळी पाच. का गं?"

धनश्रीने मुकी पट्टी पुन्हा दाबली. फस्स. बाजरीतला काकूंचा हात थांबला. 

"त्या चौदा तुमच्या आहेत," धनश्री म्हणाली.

"मोजल्यास व्हय?" काकू म्हणाल्या. "मी कवा मोजल्या न्हाईत."

मग त्यांनी सांगितलं, सलग नाही, बाजरी निवडता निवडता. वडील खर्ड्याला भजनात पेटी वाजवायचे, ऐकून ऐकून बोटं बसली. लग्न होऊन आल्यावर पुढच्या खोलीत क्लास असायचा, चार पेट्या एकदम वाजायच्या. त्या गलक्यात आतली पाचवी कुणाला ऐकू जाणार? पण गळा काढला असता तर लगेच कळलं असतं. म्हणून भाता हळू दाबायचा आणि बोटांनीच गायचं. जे बोटांना मिळे तेच बंदिशीत येई.

"मग पेटी दुरुस्त का नाही केली?"

"दुरुस्तीला दिली असती तर इचारलं असतं ना कुनीतरी, तुला कशाला पायजे म्हनून. सासूबाई हुत्या, दीर हुते." काकूंनी एक खडा उचलून दारातून बाहेर टाकला. "एकदा हे पानी प्यायला आत आले आन् ऐकत उभे ऱ्हायले. म्हनले, परत वाजव. पाठ करून गेले. नगरच्या बैठकीत गायले. लोकांनी इचारलं, कुनाची बंदिश? हे खाली मान घालून बसले, तर लोकांना वाटलं, यांचीच."

"आणि तुम्हाला सांगितलं?"

"त्याच दिवशी. जेवले न्हाईत. म्हनले, जया, मला तोंड उघडता आलं न्हाई. मी म्हनलं, जाऊ द्या, पुढची ऐका."

"पण अंतऱ्यात 'नाथदास' आहे. मास्तरांची मुद्रा." बंदिश बांधणारा अंतऱ्याच्या ओळीत आपलं नाव गुंफतो, त्याला मुद्रा म्हणतात. त्या चौदाही बंदिशींत मास्तरांचंच नाव होतं.

"मीच घातली. बिननावाची बंदिश लई उघडी दिसती."

धनश्री म्हणाली, "काकू, पुस्तक छापायला जायचंय. त्यात खोटं जाईल."

"जाऊ दे. गानं तर खरं हाय." काकूंनी सूप खाली ठेवलं. "कुनाला बोलू नको, धना. आज सांगितलं तर लोक म्हनतील, बायकोच्या जिवावर मास्तर झाला. मानूस वाईट नव्हता. शब्द दे."

धनश्रीने शब्द दिला. घरी जाताना तो तिला खड्यासारखा टोचत राहिला. त्या आठवड्यात तिने चौदाही बंदिशींची स्वरलिपी स्वच्छ अक्षरात उतरवली आणि प्रत्येकीच्या डोक्यावर, ठरल्याप्रमाणे, 'रचना : गहिनीनाथ मास्तर' असं लिहिलं. बाकी काही तिच्या हातात नव्हतं.

पुढच्या रविवारी कल्याण सर आपलं प्रकरण घेऊन आले. छापायला देण्याआधी मास्तरांच्या फोटोपुढे वाचायचं आणि वहिनींची संमती घ्यायची, असं त्यांचं ठरलेलं होतं. फोटोला हार घालून ते चष्मा लावून बसले. धनश्री भिंतीला टेकून बसली. काकू स्वयंपाकघराच्या दारात बसून चहा गाळत होत्या.

"'स्वरसृष्टीत पंचम हा अचल स्वर,'" सर वाचू लागले. "'ज्या स्वराचा आधार घेतल्यावाचून सामान्य गायकाचे पाऊल पुढे पडत नाही, त्या स्वराचाच मास्तरांनी त्याग केला. जणू संसारात राहूनही…'"

काकूंनी गाळणी खाली ठेवली, तोंडाला पदर लावला, पण हसू आवरेना.

"काय झालं, वहिनी?"

"न्हाई, वाचा."

"'…जणू संसारात राहूनही ते अंतरी जोगीच होते…'"

आता काकू मोठ्यांदा हसल्या. डोळ्यांत पाणी आलं. "भावजी, त्याग कसला मेला! पट्टी मोडकी हुती."

सरांनी चष्मा काढला. काकूंनी हसू थांबवून धनश्रीकडे पाहिलं, मग फोटोकडे, मग पुन्हा धनश्रीकडे. "सांग त्यांना," त्या म्हणाल्या. "तुझा शब्द सुटला. माझं नाव न्हाई आलं तरी चाललं असतं, पर मोडक्या पेटीला आरती नको."

धनश्रीने आतून पेटी आणली, तक्ता पुढे ठेवला आणि पट्ट्या मोजून दाखवल्या. सरांनी स्वतः मुकी पट्टी तीनदा दाबली.

"योगायोग असू शकतो," ते म्हणाले.  "वहिनी, राग मानू नका. बायका गातात, आमच्याहून चांगल्या गातात. पण बंदिश बांधणं… एवढी मोठी परंपरा, त्यात बांधणाऱ्या बायकांची नावं मला दोन-चारही आठवत नाहीत."

"नाव घालायची जागा अंतऱ्यात असती," काकू म्हणाल्या. "तिथं मी त्यांचं घातलं. माझ्यासारख्या आनखी किती जनींनी कुनाकुनाचं घातलं असंल, तुमाला काय ठावं, आन् मला तरी काय ठावं."

सर तक्त्यावरच्या चौदा बंदिशींची यादी बोटाने खाली खाली वाचत गेले आणि तळाशी थांबले.

"मास्तर आपल्या बंदिशी दर बैठकीत बदलायचे," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "आज मुखडा एक, उद्या दुसरा. आम्ही वैतागायचो. आम्हाला मात्र ताकीद होती, दुसऱ्यानं बांधलेल्या बंदिशीत स्वर इकडचा तिकडे करायचा नाही. बदलायचा हक्क बांधणाऱ्याचा." त्यांनी यादीवर हात ठेवला. "या चौदांत त्यांनी एक स्वरही कधी हलवला नाही. चाळीस वर्षं ऐकलं मी. एकदाही नाही."

चहा निवत होता. कुणी उचलला नाही.

"वहिनी, ती अंगणाची म्हणा," सर म्हणाले.

काकूंनी पेटी बाजूला सारली. मांडी घातली, डोळे मिटले आणि गळा काढला. आवाज कापत होता, पण सुराला पक्का होता. दुसऱ्या आवर्तनात 'अंगना'वर, जिथे कॅसेटवर मास्तर मध्यमावरून थेट धैवतावर जायचे, तिथे काकू पंचमावर थांबल्या. पेटीने कधी दिला नव्हता तो स्वर त्यांनी पुरता, निवांत लावला, आणि मग पुढे गेल्या. सरांचा हात नकळत कानाला लागला.

"इथं मला तवापास्नं पंचम पायजे हुता," गाणं संपल्यावर काकू म्हणाल्या. "पर पट्टीच वाजंना."

सरांनी धनश्रीच्या हातातून पेन्सिल घेतली. स्वरलिपीचं पान पुढे ओढलं. 'अंगना'च्या खाली, दोन स्वरांच्या मधोमध, त्यांनी 'प' लिहिला. मग पानाच्या डोक्यावर आले आणि 'गहिनीनाथ मास्तर'वर एक सरळ रेघ ओढली.

"अंतऱ्यातली मुद्रा?" त्यांनी विचारलं. "ती पण बदलायची?"

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "तिथं ती सुरात बसलीय. आन् कशी बसली ते बी लिवा, त्यांनी खाली मान घातली ते, आन् चाळीस वर्षं सूर हलवला न्हाई ते बी. दोन्ही लिवा."

"वर तुमचं नाव घालतो. जया गहिनीनाथ…"

"नुसतं जया. त्यांच्या नावाएवढ्याच अक्षरात. बारीक नको."

धनश्री पेटी साडीत गुंडाळायला लागली, तशा काकू म्हणाल्या, "ती आत नको ठिवू. तू सोमवारी नगरला जातीस न्हवं? तिथं ते गनीभाई पेट्या नीट करतात, त्यांच्याकडं दे. म्हनावं, एकच पट्टी हाय, पर लवकर पायजे."

"इतकी काय घाई, काकू?"

काकूंनी गार झालेला चहा पुन्हा पातेल्यात ओतला आणि आत जाऊन गॅस पेटवला.

"माझा भूप राह्यलाय," त्या म्हणाल्या.